ऑर्वेल नेमका कोणाचा?

मुक्ता_व
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ठाण्यात महिन्यातून एकदा वाचनगट जमतो. पुढच्या खेपेला जॉर्ज ऑर्वेल घ्यायचं ठरलं आणि पुस्तक ठरायच्या आधीच खडाजंगी झाली. एक काका म्हणाले, "कम्युनिस्टांची सालटी काढली त्याने, म्हणजे आपला माणूस." त्यावर एक ताई उसळल्या, "मरेपर्यंत समाजवादी होता, तुमचा कसा झाला?" एक गृहस्थ एरवी गप्प असतात, ते म्हणाले, "तरुणपणी इंग्रजांचा पोलीस आणि शेवटी इंग्रज सरकारला नावं पुरवणारा. कसला आलाय स्वतंत्र बाणा!"

माझं मत असं की तो कोणाचाच नव्हता, आणि त्याचं मोठेपण त्यातच आहे. ज्या कंपूने जवळ केलं त्याच कंपूला त्याने चार गोष्टी सुनावल्या. आज असा राजकीय लेखक दाखवा. सगळे कुठल्या ना कुठल्या दावणीला.

तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४' सोडून काहीच वाचलेलं नाही (गटातले बहुतेक), त्यांच्या हातात आधी काय द्यावं? थोडक्यात असेल तर बरं, मंडळी नोकरीवाली आहेत.

तिरकस
मी पयला!

बाकी सगळ्याच पक्षांची पोरं ऑर्वेलची वाक्यं फिरवतात, त्यावरून तो कोणाचाच नाही हे सिद्ध होतंच. त्यातली बरीच वाक्यं त्याची नसतात ही वेगळी गंमत.

गोदाकाठ
'कोणाचाच नव्हता' हे ऐकायला झकास वाटतं, पण खुद्द ऑर्वेलला ते मान्य झालं नसतं. १९४६ च्या एका निबंधात त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की १९३६ पासून आपण जे काही मनापासून लिहिलं ते एकाधिकारशाहीच्या विरोधात आणि लोकशाही समाजवादाच्या बाजूने. म्हणजे बाजू होती आणि ती पक्की होती. आपल्या बाजूच्या लोकांना सवलत द्यायची नाही, एवढंच.

हे त्याला फुकटात सुचलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये तो यादवी युद्धात बंडखोर फॅसिस्ट सेनापती फ्रँकोविरुद्ध लढायला स्पेनला गेला. आधी ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाकडे शिफारस मागायला गेला होता, त्यांनी वाटेला लावलं. मग दुसऱ्या एका छोट्या डाव्या पक्षाच्या चिठ्ठीवर बार्सिलोनाला पोचला आणि पोउम नावाच्या स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या तुकडीत भरती झाला. वेस्का शहराजवळच्या खंदकात थंडी, उवा आणि गंजलेल्या बंदुका. माणूस सहा फुटांच्या वर, खंदक बेताचा. २० मे १९३७ च्या पहाटे गळ्यातून गोळी आरपार गेली. थोडक्यात वाचला.

खरी गोष्ट पुढे आहे. सुटीचे कागद घेऊन बार्सिलोनात परत आला तो आयलीनच्या, म्हणजे बायकोच्या हॉटेलवर. लॉबीत ती उठली, हसत हसत जवळ आली, गळ्यात हात टाकला आणि बघणाऱ्यांना संशय येऊ नये अशा बेताने कानात म्हणाली, "आधी इथून बाहेर पड." तेवढ्यात पोउम बेकायदा ठरलेला होता. सोबत लढलेले लोक तुरुंगात होते. आणि धरपकड करणारे फ्रँकोचे नव्हते, ज्या प्रजासत्ताकासाठी तो गोळी खाऊन आला होता त्याचेच पोलीस होते, मागे मॉस्कोचा हात. पुढच्या रात्री त्याने पडक्या इमारतींच्या आडोशाने काढल्या. दिवसा मात्र नवरा-बायको सुखवस्तू इंग्रज प्रवाशांसारखे वावरत, आणि तशा अवस्थेतही तुरुंगात जाऊन आपल्या कमांडरला भेटून आले.

इंग्लंडला परतल्यावर हे सगळं लिहायला बसला तर डाव्यांच्या आघाडीच्या साप्ताहिकाने लेख नाकारला. नेहमीच्या प्रकाशकाने तर पुस्तक लिहून व्हायच्या आधीच नको म्हणून कळवलं. शेवटी 'होमेज टू कॅटलोनिया' १९३८ मध्ये दुसरीकडून निघालं. दीड हजार प्रती छापल्या, त्या लेखकाच्या हयातीत संपल्या नाहीत.

मुक्ताताई, ह्याला कोणाचाच नसणं म्हणत नाहीत. ज्याचा कोणाशी संबंधच नाही त्याला एवढी किंमत मोजावी लागत नाही.

शब्दवेडा
गोदाकाठ, कडक प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

वऱ्हाडी_ठेचा
सगळं खरं भाऊ, पण तुम्ही गोष्ट स्पेनपासून काहून सुरू करून राह्यले? त्याच्या आधीचं काय? १९२२ ते १९२७ बर्मात इंग्रजांचा पोलीस अधिकारी होता तो, आणि बर्मा तेव्हा हिंदुस्थानातच धरत होते. बाप अफू खात्यात. जन्म मोतीहारीचा, का तर बिहारच्या शेतकऱ्याकडून सरकार ठरवील त्या भावाने अफू घ्यायची आणि चीनला पाठवायची, ती देखरेख करायला बाप तिथं होता. असल्या घरातला माणूस आपल्याला स्वातंत्र्य शिकवणार?

मास्तर_निवृत्त
ठेचाभाऊ, बाप निवडता येत नाही, नोकरी सोडता येते. १९२७ मध्ये रजेवर घरी आला आणि राजीनामा दिला. चांगली पगाराची, पेन्शनची नोकरी. वय वर्षे २४, हातात दुसरं काही नाही, घरचे नाराज. मग मुद्दाम भणंगांच्यात जाऊन राहिला, पॅरिसच्या हॉटेलांत भांडी घासली. त्यावरचं पहिलं पुस्तक १९३३ मध्ये आलं तेव्हा घरच्यांना लाज नको म्हणून एरिक ब्लेअरचा जॉर्ज ऑर्वेल झाला.

आणि बर्मा त्याने लपवला नाही. मोलमीनला पिसाळलेल्या हत्तीला गोळी घातल्याचा निबंध वाचा. हत्ती तोवर शांत झालेला आहे, शेतात गवत उपटून गुडघ्यावर झटकून झटकून खातोय. मारायची काही गरज नाही हे साहेबाला कळतंय. पण मागे दोन हजार माणसं तमाशा बघायला उभी आहेत, आणि साहेब माघारी फिरला तर ती हसतील. म्हणून तो गोळी घालतो. साम्राज्य चालवणाऱ्याच्या हातात काय उरतं ते त्या आठ-दहा पानांत जसं आलंय तसं मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि मी इतिहासच शिकवायचो.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, तो हत्ती त्याने खरंच मारला का, ह्याच्यावरच त्याच्या चरित्रकाराला शंका होती ना? बर्नार्ड क्रिकला.

मास्तर_निवृत्त
होती. काहींनी दुजोरा दिला, काहींनी नाही, वाद मिटलेला नाही. पण तुमचा आक्षेप तो इंग्रजांचा पोलीस होता हा होता. आता म्हणता हत्तीच मारला नाही. एका वेळी एक काहीतरी धरा. (हलके घ्या.)

लीड्सवाली
मी इथे बारा गावचं पाणी पिऊन यॉर्कशायरात स्थिरावलेली, मूळची सांगलीची. विगन इथून फार लांब नाही. १९३६ च्या सुरुवातीला ऑर्वेल तिकडच्या खाणकामगारांत राहिला, खाणीत उतरला. खाणीत कामाच्या जागेपर्यंत पोचायलाच मैल-मैलभर वाकून, रांगत जावं लागायचं आणि त्या जाण्या-येण्याचा मजुराला पैसा नाही, हे त्याने असं लिहिलंय की वाचताना कंबर दुखते.

गंमत त्यावरच्या पुस्तकाच्या, 'द रोड टू विगन पिअर'च्या, उत्तरार्धात आहे. तिथे त्याने समाजवाद्यांनाच धारेवर धरलं. गरिबाबद्दल कळवळा दाखवतात पण शेजारी बसवत नाहीत, जाडजूड शब्द फेकतात, आणि शाकाहारी-सँडलवाले विक्षिप्त लोक बघून साधा कामगार पळून जातो, असं बरंच काही. प्रकाशक गोलान्झ. पुस्तक त्याच्या डाव्या पुस्तकमंडळाच्या सभासदांना जाणार होतं. काय करणार? त्याने स्वतःच प्रस्तावना लिहून लेखकाशी आपले कुठे कुठे मतभेद आहेत ते सभासदांना समजावून सांगितलं! पुस्तक विकायचं आणि वर 'ह्याचं सगळंच मनावर घेऊ नका' असंही सांगायचं.

इथल्या जुन्या लोकांत त्या पुस्तकाबद्दल राग अजून ऐकू येतो बरं का. "आमची घाण तेवढी दिसली त्याला" असं एक शेजारीण आजी म्हणाल्या होत्या.

तिरकस
शाकाहारी आणि सँडलवाले? हा माणूस कोथरूडला येऊन गेला होता काय?

पंचगंगा
ह्या धाग्यावर एक नाव अजून कसं आलं नाही ह्याचं आश्चर्य वाटतंय. वेणू चितळे.

ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात नोकरीला होता. काम हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करणं. विभागप्रमुख झेड. ए. बुखारी, ये-जा करणाऱ्यांत मुल्कराज आनंद, त्याच सुमारास बीबीसीत बलराज साहनीही होते. आणि ऑर्वेलची सहायक म्हणून काम करत होती आपली कोल्हापूरकडची वेणू चितळे. ऑर्वेल दर आठवड्याला युद्धाच्या बातम्यांचं विवेचन इंग्रजीत लिहायचा आणि त्याची भाषांतरं होऊन ती गुजराती, बंगाली, तमिळ आणि मराठीत प्रसारित व्हायची. मराठीचं काम करणाऱ्यांत वेणूबाई होत्या. म्हणजे 'ॲनिमल फार्म' जगाने वाचायच्या आधी ऑर्वेलचा मजकूर मराठी कानांवर पडलेला आहे. अर्थात नाव त्याचं नाही, आवाज त्याचा नाही.

१९४२ मधला बीबीसीचा एक फोटो प्रसिद्ध आहे. कवितेच्या कार्यक्रमासाठी मंडळी टेबलाभोवती बसली आहेत. टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आहेत, जमैकाच्या ऊना मार्सन आहेत, मागे उंच वाळकुडा ऑर्वेल उभा आहे, आणि बसलेल्यांत साडी नेसलेल्या वेणूबाई. युद्धानंतर त्या परत आल्या, १९५० मध्ये त्यांची एक इंग्रजी कादंबरीही आली. आमच्या भागात किती जणांना हे नाव ठाऊक आहे विचारा. एलियटसोबत एका टेबलाशी बसलेली बाई आपल्या जिल्ह्यातली होती हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

शब्दवेडा
पंचगंगा, हे माहीतच नव्हतं! त्या मराठी बातमीपत्रांचं ध्वनिमुद्रण कुठे ऐकायला मिळेल?

पंचगंगा
त्या काळी बहुतेक सगळं थेट जायचं. खुद्द ऑर्वेल पुढे पुढे स्वतः माइकवर बोलायचा, तरी त्याच्या आवाजाचंसुद्धा एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. इंग्रजी मसुदे मात्र छापील स्वरूपात आहेत.

अडगळ
थांबा थांबा. १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशाने हिंदुस्थानी लोकांना युद्धाबद्दल 'विवेचन' पुरवणं ह्याला साध्या मराठीत प्रचार म्हणतात. इकडे ऑगस्टमध्ये सगळे पुढारी गजाआड आणि हे तिकडे टेबलाभोवती कविता वाचतायत. आणि ह्यांना आपण स्वतंत्र बाण्याचे म्हणायचं?

गोदाकाठ
प्रचारच होता आणि हे त्याच्या रोजनिशीत आहे. क्रिप्सची बोलणी फिसकटली आणि नंतर काँग्रेसची धरपकड झाली तेव्हा तो आपल्याच सरकारवर वैतागलेला दिसतो. पण हिटलर आणि जपान जिंकले तर हिंदुस्थानचं स्वातंत्र्य कुठल्या कुठे जाईल असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून टिकून राहिला. ते मत चूक म्हणा, पण ते विकत घेतलेलं नव्हतं. शेवटी राजीनामा देताना त्याने लिहिलं की आपण स्वतःचा वेळ आणि लोकांचा पैसा वाया घालवतोय, हे कोणी ऐकत नाहीये.

त्याआधी १९३९ मध्येच त्याने लिहिलं होतं की ब्रिटन-फ्रान्सच्या लोकशाह्या हिटलरविरुद्ध एकवटू म्हणतात तेव्हा वसाहतींतली कोट्यवधी काळी-सावळी माणसं हिशेबातच धरलेली नसतात. तेव्हा हे बोलणारा इंग्रज डाव्यांतही विरळा.

आणि दोन वर्षं सरकारी कचेरीत बसून, मसुद्यांवर सेन्सॉरच्या काटछाटी बघून जे शिकला ते '१९८४' च्या सत्य मंत्रालयात उतरलं. कॅन्टीनच्या भिकार जेवणासकट.

चहाबाज
अवांतर: ऑर्वेलने चहा कसा करावा ह्यावर लेख लिहिलाय, जानेवारी १९४६, लंडनच्या संध्याकाळच्या पेपरात. अकरा नियम. चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचाच हवा, चिनी चहा पिऊन माणसाला हुशारी येत नाही. कडक हवा. आधी चहा ओतायचा, दूध नंतर. आणि साखर अजिबात नाही, साखर घालणाऱ्याला चहाप्रेमी कसं म्हणावं म्हणतो! तेव्हा चहा रेशनवर होता हे लक्षात घ्या, तरी ह्याचा हट्ट कडकच हवा.

तिरकस
बिनसाखरेचा? ह्या एका मुद्द्यावर मी त्याचा राजकीय विचारही रद्दबातल ठरवतो.

वऱ्हाडी_ठेचा
दूध वरून ओतते म्हणे. आमच्याकडे दुधात पत्ती उकळते, ते पाह्यलं असतं तर बर्मावरच्या 'बर्मीज डेज' कादंबरीसारखी दुसरी लिहिली असती.

लीड्सवाली
आधी दूध की आधी चहा ह्यावरून इथे अजून घरं फुटतात. नवऱ्याच्या ऑफिसात ह्यावर मतदान झालं होतं.

संपादक
चहाचा स्वतंत्र धागा आधीच आहे, तिकडे शंभरावर प्रतिसाद झालेत. इथे विषयावर या.

निळावंती
विषयावर येते, पण कोणाला आवडेल असं वाटत नाही.

गोदाकाठ यांनी वर हॉटेलच्या लॉबीतला प्रसंग सांगितला. त्या बाईने नवऱ्याचा जीव वाचवला. आता 'होमेज टू कॅटलोनिया' उघडून तिचं नाव शोधा. सापडणार नाही. सगळीकडे 'माझी बायको'. ती स्वतः बार्सिलोनात ब्रिटिश तुकडीच्या कचेरीत काम करत होती, तिच्यावरही पाळत होती. हुशार, ऑक्सफर्डची पदवीधर, मानसशास्त्राचं पुढचं शिक्षण लग्नापायी सुटलं. महायुद्धात आधी सेन्सॉर खात्यात आणि मग अन्न मंत्रालयात नोकरी करून घर चालवलं. 'ॲनिमल फार्म' लिहिलं जात असताना रात्री अंथरुणात तो तिला वाचून दाखवायचा, आणि त्याच्या बाकीच्या लिखाणात नसलेला हलकेपणा त्यात आहे तो तिच्यामुळे असं तिला ओळखणारे सांगत. १९४५ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल चढत असताना ती गेली, वय ३९. पुस्तक त्यानंतर पाच महिन्यांनी बाजारात आलं. ती गेली तेव्हा तो युरोपात वार्ताहर म्हणून फिरत होता, ऑपरेशनलाही हजर नव्हता.

सत्तेच्या डोळ्यांत डोळे घालून खरं बोलणाऱ्या माणसाला बायकोचं नाव लिहायला काय अडचण होती?

गोदाकाठ
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या काळची रीत म्हणून सोडून देता येईल, पण ज्याने रीती मोडल्या त्याच्याबाबत ते लंगडं वाटतं.

मोदकप्रेमी
सगळ्या थोर पुरुषांच्या घरात हेच. आपल्याकडचे समाजसुधारक काढा एकेक.

निळावंती
मोदकप्रेमी, काढाच. वेगळा धागा काढा, मी येते.

स्टेथोस्कोप
आजाराबद्दल दोन शब्द, पेशाने डॉक्टर असल्यामुळे राहवत नाही. क्षय जुनाच होता. १९४७ च्या डिसेंबरात ग्लासगोजवळच्या रुग्णालयात दाखल झाला. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा अगदी नवं, अमेरिकेतून मागवावं लागे. संपादक मित्र डेव्हिड ॲस्टरने खटपट केली, आरोग्यमंत्री बेव्हनपर्यंत शब्द टाकला, औषध आलं. आणि ह्याला त्याची जबरदस्त रिॲक्शन. कातडी सोलली, नखं गेली, तोंडात फोड, रात्रीतून ओठांवर रक्त सुकून सकाळी ते धुतल्याशिवाय तोंड उघडत नसे. थांबवावं लागलं. उरलेलं औषध दुसऱ्या रुग्णांना दिलं आणि ते बरे झाले. आज आपण क्षयाला एका वेळी चार औषधं देतो, तेव्हा एकच होतं आणि डोसही अंदाजानेच.

त्यात हा बाबा स्कॉटलंडच्या जुरा बेटावर, जिथे सगळ्यात जवळचा डॉक्टर गाठायचा म्हणजे प्रवासच, तिथे परत गेला. '१९८४' चं हस्तलिखित इतकं खाडाखोडीचं की दुसऱ्याला कळेना. टंकलेखिका त्या बेटावर यायला मिळेना. मग पलंगावर बसून, ताप अंगात असताना, स्वतःच टंकित केलं, डिसेंबर १९४८ पर्यंत. वर बिड्यांसारख्या हाताने वळलेल्या सिगारेटी चालूच. माझा पेशंट असता तर मी हाकलला असता. २१ जानेवारी १९५० ला रक्तस्राव होऊन गेला. ४६ वर्षं.

अडगळ
आजारी होता, गरीब होता, बायको गेली, सगळं कबूल. पण मुक्ताताईंच्या गटातल्या त्या अबोल गृहस्थांच्या मुद्द्याला अजून कोणी हात घातला नाही.

२ मे १९४९. ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा एक गुप्त विभाग, काम कम्युनिस्टविरोधी प्रचार. तिथे नोकरी करणाऱ्या सीलिया कर्वन ह्या ओळखीच्या बाईंना ऑर्वेलने ३८ नावं पाठवली. हे लोक छुपे कम्युनिस्ट किंवा त्यांचे सहानुभूतीदार आहेत, ह्यांच्यावर विसंबू नका. त्यात चार्ली चॅप्लिन आहे, लेखक प्रीस्टली आहे, ज्याने स्पेनवरचा लेख नाकारला तो संपादक किंग्स्ली मार्टिनही आहे. ज्या वहीतून ही नावं काढली तिथे काहींच्या पुढे 'ज्यू' असले शेरे आहेत. यादी २००३ मध्ये उजेडात आली.

ज्याने सगळ्यांवर पाळत ठेवणारा 'बिग ब्रदर' लिहिला त्याने पुस्तक प्रकाशित व्हायच्या महिनाभर आधी हे केलं.

गोदाकाठ
अडगळ, वस्तुस्थिती बरोबर आहे. तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी ठेवतो. यादी अटकेसाठी नव्हती, ह्या विभागाने लेख लिहून घ्यायला कोणाला बोलावू नये त्याची होती, आणि तिच्यामुळे कोणी तुरुंगात गेल्याचं दिसत नाही. त्यात पीटर स्मोलेटचं नाव होतं. हा युद्धकाळात माहिती मंत्रालयात अधिकारी होता, आणि रशिया मित्रराष्ट्र आहे तेव्हा 'ॲनिमल फार्म' छापू नका असा सल्ला एका प्रकाशकाला देणारा तोच असं आता मानतात. तो सोव्हिएत हस्तक होता हे नंतर निघालं. आणि खुद्द ऑर्वेलवर पोलिसांची फाइल होती. विगनला गेला तेव्हाही नजर होती, पुढे एका अहवालात तो 'बोहेमियन' कपडे घालतो अशीही नोंद आहे.

अडगळ
एक नाव बरोबर निघालं म्हणून सदतीस माफ? आणि 'कोणाला अटक झाली नाही' हा निकष त्याने दुसऱ्याच्या बाबतीत मान्य केला असता का? चॅप्लिनबद्दल शंका होती तर लेख लिहायचा, नाव घालून, छापून. आयुष्यभर तेच तर केलं होतं. आपल्या मित्रांबद्दल, प्रकाशकांबद्दल, पक्षाबद्दल सगळं जाहीर. इथेच बंद पाकीट का?

गोदाकाठ
हा मुद्दा मान्य. जाहीर बोललेल्या गोष्टींसाठी मी त्याच्या बाजूने कितीही भांडेन, त्या पाकिटासाठी नाही भांडणार.

तिरकस
पॉपकॉर्न संपले. गोदाकाठांनी एका धाग्यात दोनदा मान्य केलं, तारीख लिहून ठेवा.

मास्तर_निवृत्त
मुक्ताताईंचा दुसरा प्रश्न धुरळ्यात राहिला, काय वाचावं हा. माझं उत्तर: गांधीजींवरचा निबंध, जानेवारी १९४९ चा. हत्येला वर्ष होतंय, जगभर श्रद्धांजल्या वाहून झाल्यात, आणि हा सुरुवातच अशी करतो की संतांना निर्दोष सिद्ध होईपर्यंत दोषीच धरावं. मग एकेक हिशेब. कोंबडीचा रस्सा देऊन बायको-मुलाचा जीव वाचत असेल तर ते नाकारणं त्याला अमानुष वाटतं. माणसांवर जीव लावायचा तर विरक्ती कशी परवडेल, विचारतो. सत्याग्रहाला वर्तमानपत्रं लागतात, सभा लागतात. जिथे विरोधक रात्रीतून नाहीसे होतात तिथे तो चालेल कसा, रशियात आज गांधी कुठे आहे? इतकं सगळं बोलून झाल्यावर शेवटी कबूल करतो की ह्या काळातल्या बाकी पुढाऱ्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर हा माणूस मागे किती स्वच्छ वास ठेवून गेला.

गांधीद्वेष्ट्याने वाचला तरी त्याला तो पुरता आपला म्हणता येत नाही, आणि भक्ताने वाचला तरी नाही. माझ्या वर्गात हा निबंध वाचला की दोन्हीकडची पोरं चिडायची. योगायोग असा की चंपारण सत्याग्रहात १९१७ ला गांधीजी न्यायालयासमोर उभे राहिले ते मोतीहारीलाच.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, हा निबंध मी वाचलाय. रशियावाला मुद्दा बरोबर आहे त्याचा. पण इंग्रजांनी गांधींना मारलं नाही कारण इंग्रज सभ्य होते, असं त्यातून निघते, ते मले पटत नाही. जालियनवाला काय होतं मग?

मास्तर_निवृत्त
तो सभ्य म्हणत नाही. इंग्रजांना गांधी आपल्या सोयीचे वाटत होते, हिंसा थोपवून धरतात म्हणून, असंही तो लिहितोच. तुमचा जालियनवालाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्याने तिकडे डोळेझाक केलीय.

गोदाकाठ
मुक्ताताई, माझी भर: स्पेनच्या युद्धावर त्याने नंतर लिहिलेला मागे वळून बघणारा निबंध. त्यात एक परिच्छेद आहे. पहाटे शत्रूच्या खंदकाजवळ हा दबा धरून बसलाय. समोरून एक सैनिक उघड्यावर पळत येतो, बहुधा निरोप घेऊन. अर्धवट कपड्यांत, दोन्ही हातांनी पँट सावरत पळतोय. ऑर्वेल गोळी झाडत नाही. तो म्हणतो, मी फॅसिस्टांना मारायला आलो होतो, आणि पँट सावरणारा माणूस फॅसिस्ट दिसत नाही. त्यावर तो कुठलंही तत्त्वज्ञान रचत नाही, उलट ह्यातून विशेष काही सिद्ध होत नाही म्हणून पुढे जातो. गटात मोठ्याने वाचायला तेवढा परिच्छेद पुरे.

मुक्ता_व
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. गोदाकाठ, तुमचं म्हणणं वाचलं तरी मी माझ्या वाक्यापाशीच आहे: बाजू त्याची होती, पण त्या बाजूच्या लोकांना तो कधी आपला वाटला नाही, म्हणून कोणाचाच नाही. वाद गटात घालू.

ठरलंय ते असं: हत्ती, गांधी आणि स्पेनचा निबंध, तिन्ही मिळून एका रविवारी वाचून होतात. यादीवर अडगळ यांचे दोन्ही प्रतिसाद छापून नेते (परवानगी असेल तर), ते अबोल गृहस्थ खूश होतील. आयलीनबद्दल निळावंतींचा प्रतिसाद ताईंना देते, त्या कोणालाच खूश राहू देणार नाहीत. वेणू चितळेंचा तो फोटो कोणाकडे चांगल्या प्रतीचा असेल तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

अडगळ
परवानगी आहे. नावासकट छापा. बंद पाकिटात देऊ नका.

पंचगंगा
फोटो पाठवलाय. वेणूबाई कोण ते आधी सांगू नका, एलियट ओळखणारे किती आणि त्या बाई कोण असं विचारणारे किती ते बघा.

वऱ्हाडी_ठेचा
मी 'बर्मीज डेज' मागवली आहे. पोलिसाबद्दलचं माझं मत तसंच आहे. वाचून येतो, मग मास्तरांशी भांडतो. तोवर धागा कुलूपबंद करू नका, संपादकसाहेब.